भिंतीवर न लागलेलं पोस्टर

लाल जमीन, वर मुकुट आणि खाली पांढऱ्या ठळक अक्षरांत पाच शब्द: ‘कीप काम अँड कॅरी ऑन’. डोकं शांत ठेवा आणि आपापलं चालू ठेवा. (देवनागरीत लिहिलं की त्यातलं ‘काम’ मराठी होऊन बसतं, आणि अर्थही फारसा बिघडत नाही.) कॉफीच्या मगांवर, टी-शर्टांवर, उशांच्या अभ्र्यांवर हे इतक्या वेळा दिसतं की लंडनवर बॉम्ब पडत असताना चौकाचौकात हेच लावलेलं असणार, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात ज्यांनी ते हल्ले सोसले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हे पोस्टर कधी पाहिलंच नाही.

आजोबांच्या ट्रंकेतून युद्धकाळातलं एखादं पोस्टर निघालं आणि त्याचा माग काढायचा झाला, तर मी आधी ही हकिकत वाचायला सांगेन. पोस्टरबरोबर घरात एक गोष्टही चालत आलेली असते: अमक्या स्टेशनावर लागलं होतं, तमक्याने उतरवून आणलं. ती गोष्ट जरा बाजूला ठेवलेली बरी. भिंतीवर लागलेला कागद पावसात भिजतो, फाटतो, त्यावर दुसरा कागद चिकटतो. धडधाकट उरलेलं पोस्टर बहुधा भिंतीपर्यंत पोचलेलंच नसतं.

१९३९ च्या पूर्वार्धात, युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, ब्रिटिश सरकारने माहिती मंत्रालयाची गुपचूप तयारी चालवली होती. युद्ध सुरू होताच आकाशातून बॉम्ब आणि विषारी वायू येणार, लोकांचा धीर सुटणार, ही भीती तेव्हा पक्की होती. म्हणून तीन घोषवाक्यं निवडली गेली. पहिलं वॉटरफील्ड नावाच्या सनदी अधिकाऱ्याचं: तुमचं धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. दुसरं, स्वातंत्र्य धोक्यात आहे, सर्व शक्तीनिशी त्याचं रक्षण करा. तिसरं आपलं हे. चित्र कसलंच नाही, फक्त राजाचा मुकुट. अक्षरं छापखान्यातल्या खिळ्यांची नव्हेत, हाताने रेखलेली, कारण शत्रूला नक्कल करायला अवघड जावं अशी अट होती. आज कुणीही फोनवर दोन मिनिटांत तशी नक्कल करतो, तो भाग वेगळा.

छपाई झाली २३ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर १९३९ या दिवसांत. पहिल्या तारखेला हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी अनाक्रमण करारावर सह्या केल्या, शेवटच्या तारखेला ब्रिटनने युद्ध पुकारलं. तेवढ्यात एकट्या या तिसऱ्या पोस्टरच्या जवळपास साडेचोवीस लाख प्रती निघाल्या.

पहिली दोन लगेच देशभर लागली आणि आपटली. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही १९३७ मध्ये स्थापन झालेली संस्था सामान्य लोक काय बोलतात ते टिपून ठेवायची. तिच्या नोंदींत या मोहिमेचं नेमकं दुखणं सापडतं: ‘तुमचं धैर्य’ आणि ‘आम्हाला विजय’. म्हणजे मरायचं आम्ही आणि जिंकायचं तुम्ही, असाच अर्थ लोकांनी काढला. मला विचाराल तर तो बरोबरच होता. एका सर्वनामाने सगळा खर्च पाण्यात घातला. वर्तमानपत्रांनीही झोडपलं.

तिसरं पोस्टर राखून ठेवलं होतं, भयंकर हवाई हल्ला झाल्यावर काढायचं म्हणून. सुरुवातीचे महिने मात्र तसा हल्ला झालाच नाही. मोहिमेची नाचक्की झालेली, त्यात कागदाची टंचाई. १९४० मध्ये गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यासाठी रवाना झाले. लंडनवरचा भडिमार सप्टेंबर १९४० मध्ये सुरू झाला, तोवर ज्या वेळेसाठी छापलं ती वेळ येण्याआधीच पोस्टर रद्दीत गेलं होतं.

साठ वर्षं ते जवळजवळ विस्मृतीत होतं. मग २००० मध्ये इंग्लंडच्या उत्तर टोकाकडे, अ‍ॅनिक गावातल्या ‘बार्टर बुक्स’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावातून आणलेल्या खोक्याच्या तळाशी एक घडी घातलेला लाल कागद निघाला. दुकान बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आहे. मालक स्टुअर्ट मॅन्ली यांच्या पत्नी मेरी यांना तो आवडला, त्यांनी फ्रेम करून गल्ल्याजवळ टांगला. गिऱ्हाइकं विकत मागू लागली, तेव्हा २००१ पासून दुकानाने प्रती छापून विकायला सुरुवात केली. २००८ च्या मंदीनंतर तर ते जगभर पोचलं.

त्यामुळेच आज घरात सापडलेलं ‘जुनं’ पोस्टर बहुतेक वेळा २००१ नंतरचं असतं. भिंग लावून बघावं. चार रंगांच्या छपाईत लाल रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो, जुन्या छपाईत तो सलग शाईचा असतो. दुसरी खूण मुकुटाची. सहाव्या जॉर्जच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोल आहेत. दुसऱ्या एलिझाबेथच्या राजवटीत, १९५३ पासून, मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट वापरात आला. (२०२२ पासून तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा गोल कमानी आणल्या आहेत, तेव्हा ही खूण एकटी पुरत नाही.)

आपल्याकडच्या पोस्टरचा शोध घेणाऱ्याला एक जास्तीचा आधार आहे. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने हिंदुस्थानात छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक केलं होतं. म्हणून १९४२ चं असो की १९६५ चं, आधी तळाची कड बघायची. फ्रेमवाल्याने नेमकी तीच कापलेली असते.

२०१२ मध्ये बीबीसीच्या जुन्या वस्तू पारखणाऱ्या कार्यक्रमात एक बाई पोस्टरांची गुंडाळी घेऊन आल्या. आत याच पोस्टरच्या पंधराच्या आसपास अस्सल प्रती होत्या. तोवर सरकारी संग्रहांबाहेर जेमतेम दोन उरल्या असाव्यात, अशी समजूत होती. बाईंचे वडील युद्धकाळात रॉयल ऑब्झर्व्हर कोरमध्ये होते, शत्रूच्या विमानांवर नजर ठेवायची ती सेवा. त्यांनी दिलेली ती गुंडाळी मुलीने तशीच जपून ठेवली होती.