पहिला फ्लॅट बघायला जाताय? आधी फाइल मागा

रविवारी सकाळी एजंट तीन-चार फ्लॅट दाखवतो. घरातले सगळे दिवे लावलेले, रंग ताजा, आणि तिसऱ्या फ्लॅटच्या गॅलरीतून टेकडी दिसते. झालं. तिथून पुढे घराच्या उणिवा आपणच झाकायला लागतो. 'ओल आहे? वॉटरप्रूफिंग करून घेऊ.' 'राहायला परवानगी देणारं पालिकेचं भोगवटा पत्र नाही? चालतं म्हणे, कुणाकडेच नसतं.' मी हे स्वतः केलंय. म्हणून पहिलं घर घेणाऱ्याला एवढंच सांगतो: तोच फ्लॅट दुसऱ्यांदा बघायला जाण्याआधी फाइलच्या, म्हणजे घराच्या सगळ्या कागदांच्या, झेरॉक्स मागा. टाळाटाळ झाली तर दुसरी फेरी रद्द.

पुढची माहिती पुणे महापालिका हद्दीतल्या, सोसायटीतल्या रिसेल फ्लॅटची आहे. नव्या बांधकामाला जिथे वेगळा नियम आहे, तिथे तसं सांगितलंय.

पात्रता आणि हातातला पैसा

वय १८ पूर्ण आणि पॅन कार्ड असलं की फ्लॅट नावावर घेता येतो. शेतजमिनीला लागतो तसा शेतकरी असल्याचा पुरावा इथे लागत नाही. परदेशात राहणारे भारतीय नागरिकही घेऊ शकतात. खरी परीक्षा बँकेच्या दारात असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम मिळते. या किमतीत स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी फी धरत नाहीत, आणि नेमकं इथेच पहिल्यांदा घेणाऱ्याचं गणित चुकतं.

६० लाखांचा फ्लॅट धरा. कर्ज फार तर ४८ लाख, म्हणजे १२ लाख आपले. स्टॅम्प ड्यूटी सात टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. साडेसोळा लाख इथेच झाले. दलाली, वकील, सोसायटी आणि किचन ट्रॉली अजून बाकी. खरेदीदार फक्त महिला असेल तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत मिळते, इथे ६० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. स्टॅम्प ड्यूटी करारातली रक्कम आणि रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर यात जास्त असेल त्यावर लागते, तेव्हा सौदा स्वस्त पडला तरी ड्यूटी स्वस्त पडेलच असं नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी येतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का). बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही.

प्रत्यक्ष बघताना

पहिली फेरी एजंटच्या वेळेला, दुसरी आपल्या वेळेला. शक्यतो पावसाळ्यात, निदान संध्याकाळी. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर तिथे हात लावून बघा, कपाटामागे पोपडे दिसतात का बघा. पण सगळ्यात उपयोगी काम म्हणजे खालच्या मजल्यावरची बेल वाजवणं. 'काकू, वरच्या बाथरूममधून तुमच्याकडे गळतं का हो?' खालच्या घरातली ओल पुढे तुमच्या गळ्यात येणार असते आणि काकूंना ती कुणाला तरी सांगायचीच असते. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन यायचं.

पाण्याबद्दल मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा. मार्च ते जूनमध्ये टँकर किती येतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे त्याला पाठ असतं. नदीकाठचा भाग असेल तर पाणी कुठवर आलं होतं हेही विचारा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींमध्ये पाणी शिरलं, ते सगळ्या पुण्याने पाहिलं. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचे नकाशे असतात, इमारत त्यात कुठे बसते ते बघून घ्या.

टेप सोबत ठेवा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, याच्या व्याख्येत कार्पेट एरियात आतल्या भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाही. जुन्या करारांत बिल्टअप किंवा 'सेलेबल' आकडा असतो आणि एजंट तोच सांगतो. हॉल फारच ऐसपैस वाटला तर त्यात बाल्कनी घेतली आहे का, हे मंजूर नकाशाशी ताडून बघा. पार्किंग तर तोंडी कधीच मान्य करू नका. सोसायटीचं वाटपपत्र बघा, आणि त्या जागेवर सध्या कुणाची गाडी उभी असते तेही.

इमारत १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं.

फाइलमध्ये काय हवं

बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंत सगळे नोंदणीकृत करार, ज्याला चेन म्हणतात, आणि प्रत्येकाची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून इंडेक्स टू आपणही ताडून बघू शकतो. मग भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), त्याच्या मागे आजच्या मालकाच्या नावाची नोंद. भोगवटा प्रमाणपत्र, आणि ते अंशतः असेल तर त्यात आपली विंग आणि मजला आहे का. मिळकतकराची चालू पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालंय का हेही विचारा. झालं नसेल तर जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही, आणि पुनर्विकासाच्या वेळी ते आडवं येतं.

मूळ मालक वारला असेल तर थांबा. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लागलं, म्हणजे तो एकटा मालक झाला असं नाही. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा त्यांच्या करारावर सह्या हव्यात.

नव्या प्रकल्पात महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक बघतोच आपण, पण त्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींना पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. बांधकाम परवानगी पालिकेकडून स्वतंत्रपणे खात्री करून घ्या. नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

टोकनपासून किल्लीपर्यंत

टोकन थोडं द्या, चेकने द्या, आणि 'शीर्षक स्पष्ट नसल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास परत' हे लिहून घ्या. मग वकिलाकडून सहसा ३० वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींची तपासणी) आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. बाकी रकमेचं पत्र घेऊन ते पैसे आपल्या बँकेने थेट तिथे भरायचे.

कर्ज मंजूर झालं की ई-चलनाने स्टॅम्प ड्यूटी भरून करार, आणि सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी. सोबत दोघांचे आधार आणि पॅन, फोटो, मागची इंडेक्स टू, मिळकतकर पावती आणि ओळख पटवणाऱ्या दोन व्यक्ती. फोटो आणि अंगठे तिथेच होतात, त्यामुळे आजारी मालकाचं आधी ठरवून घ्या. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापायचा कर) आपण कापून आयकर खात्यात भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्का चालत नाही, कापायची रक्कम बरीच मोठी होते. तिथे सीए गाठायचाच.

नोंदणीनंतर सोसायटीत सदस्यत्वाचा अर्ज. हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. याखेरीज हस्तांतर अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' असं काही मागितलं तर ती ऐच्छिकच असते. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर कायद्याने तुम्ही सदस्य झालेले असता. महावितरण आणि मिळकतकरावर नाव बदलून घ्या, आणि स्वतः राहणार असाल तर पालिकेत पीटी-३ अर्ज भरा. नाहीतर मिळकतकरातली ४० टक्के सवलत लागत नाही आणि पहिलंच बिल बघून धक्का बसतो.