हृदयरोग संशोधनात पेशंट आणि लोकांचा सहभाग

हार्टच्या आजारावर रिसर्च करताना कुठला प्रश्न घ्यायचा, काय मोजायचं, लोकांना समजावून कसं सांगायचं हे ठरवायला पेशंट, त्याच्या घरचे आणि साधी माणसं पहिल्यापासून सोबत घेणं म्हंजे सहभाग. ट्रायलमध्ये नाव घालून रक्त देणं, गोळ्या खाणं हे यात धरत नाहीत आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या ५,२०९ लोकांनी १९४८ पासून स्वतःला तपासून घेतलं म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हार्टशी संबंध जगाला पक्का कळला, त्यांचे उपकार आहेतच, पण ते अभ्यासातले लोक होते, अभ्यास ठरवणारे नव्हते.

ब्रिटनमध्ये १९९६ ला रिसर्चमध्ये लोकांचा सहभाग वाढवायला 'इन्व्हॉल्व्ह' नावाची संस्था सुरू झाली, त्यांचं म्हणणं सरळ होतं, रिसर्च लोकांवर नको, लोकांसोबत करा. २००४ पासून तिथलीच जेम्स लिंड अलायन्स ही संस्था पेशंट, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून कुठल्या प्रश्नांना अजून उत्तर नाही त्याची यादी करून घेते. आपल्याकडे २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार ट्रायलला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत कमीत कमी ७ जण लागतात आणि त्यात एक सामान्य माणूस लागतोच. एकच.

सोलापुरात याची गरज लगेच दिसते. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, कुठं कन्नड, कुठं उर्दू, आणि संमतीपत्र येतं छापील मराठीत, 'यादृच्छिक पद्धतीने गट निवडला जाईल'. विडी वळणाऱ्या बाईला यातलं काय कळणार? तेच तिला आधी वाचून दाखवलं असतं तर तिनंच सांगितलं असतं, 'चिठ्ठी टाकून ठरवणार असं लिहा की'. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा छातीत जोरात न दुखता दम लागणं, मळमळ, थकवा असा येतो आणि घरात सगळे पित्त झालं म्हणतात, म्हणून फॉर्मवर नुसतं 'छातीत दुखतं का' विचारून भागत नाही.

माझ्या आत्याचं हार्ट कमजोर होतं, अंगावर सूज यायची म्हणून लघवीची गोळी होती. विड्या जमा करायच्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही, कारण तिथं रांगेत दोन तास आणि बायकांना लघवीला जायला जागा नाही. तिच्या केसपेपरवर काय, तर 'औषध नियमित घेत नाही'. का घेत नाही हे तिला कुणी विचारलंच नाही, आणि माझ्या मते खरा रिसर्चचा प्रश्न तोच होता.

अशा बाईला मीटिंगला बोलवायचं तर तिचा रोज बुडतो, मजुरी हजार विड्यांमागे मिळते, बसली नाही तर पैसे नाहीत. ब्रिटनमध्ये सहभागी लोकांना वेळेचे पैसे द्यायची पद्धत आहे, इथंही मजुरी आणि रिक्षाभाडं आधीच खर्चात धरावं लागेल, आणि मीटिंग कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळी ११ ला न ठेवता कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हंजे विडी कामगारांच्या वसाहतीत, माल जमा करून बायका परत आल्यावर, तेलुगू बोलणारं कुणीतरी बरोबर घेऊन करावी लागेल.