हेल्मेटमधलं बोलणं: बाइक इंटरकॉम इथवर कसा आला

ग्रुप राइडला निघालेले दहा-पंधरा जण आज हेल्मेटमध्ये बसवलेल्या इंटरकॉमवर, म्हणजे एकमेकांशी बोलायच्या छोट्या यंत्रावर, ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगात एका टेबलाभोवती बसल्यासारखे गप्पा मारत जातात. पुढचा सांगतो, वळणावर खडी आहे. मागचे सगळे वळणाआधीच वेग कमी करतात. रेडिओ गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून होता, मग दुचाकीवर एवढं साधं बोलणं जमायला एकविसावं शतक का उजाडावं लागलं? कारण अडचण मुळात रेडिओची नव्हतीच. अडलं होतं ते वाऱ्यापाशी आणि हातांपाशी. या उपकरणाचा इतिहास या दोन अडथळ्यांचा आहे, आणि तो तसाच वाचला की त्यातला प्रत्येक टप्पा नीट उलगडतो.

रस्त्यावरच्या रेडिओची सुरुवात पोलिसांनी केली. अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांनी 1928 मध्ये गाड्यांमध्ये रेडिओ बसवले, पण ते एकतर्फी होते. ठाण्यातून आलेला निरोप ऐकायचा, उत्तर द्यायची सोय नाही. न्यू जर्सीतल्या बेयॉनमध्ये 1933 मध्ये दुतर्फी संभाषण सुरू झालं. मोटरसायकलवर हे आणखी कठीण होतं. काचेच्या व्हॉल्व्हचे जड संच, बेताची बॅटरी, सतत बसणारे हादरे, आणि वीतभर अंतरावर ठिणग्या टाकणारा स्पार्क प्लग. त्या ठिणग्यांचा खरखराट एएम रेडिओत थेट ऐकू यायचा. कनेक्टिकट राज्य पोलिसांसाठी डॅनियल नोबल यांनी 1940 मध्ये एफएमवर चालणारी दुतर्फी यंत्रणा उभी केली, आणि ही खरखर बरीच आटोक्यात आली. एफएममध्ये आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत नसते, वारंवारितेच्या चढउतारात असते. त्यामुळे ठिणगीच्या झटक्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

म्हणजे दुसरं महायुद्ध संपेपर्यंत रेडिओचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला होता. पण चालत्या बाइकवर बोलायचं तर एक हात सोडायचा, हँडसेट तोंडाशी धरायचा आणि वाऱ्यावर मात करून ओरडायचं. यातलं काहीच सुटलं नव्हतं.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल कंपनीचं ‘स्टार’ हे पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आलं, आणि माझ्या मते या कथेतलं खरं वळण तेच आहे. इंटरकॉमचा इतिहास सांगताना हेल्मेटला सहसा जागा मिळत नाही, ते मला पटत नाही. उघड्या हेल्मेटमध्ये मागे बसलेल्याने कानाशी वाकून ओरडलं तर निदान काही शब्द पोचायचे. फुल-फेस हेल्मेटने ते बंद केलं. पण त्याच हेल्मेटने तोंड आणि कान एकाच कवचात आणले. माइक हनुवटीपुढे, स्पीकर कानापाशी, आणि दोन्ही वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून आडोशाला. बोलणं तोडणाऱ्या वस्तूनेच बोलण्यासाठी जागा करून दिली.

आडोसा मिळाला, शांतता मात्र नाही. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात झालेल्या मोजमापांनुसार रायडरच्या कानापाशी ताशी 60 किलोमीटरला साधारण 90 डेसिबल आवाज असतो आणि 160 ला तो 110 च्या आसपास जातो. यात इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा वाटा लोकांना वाटतो त्याहून फार कमी. वेग वाढला की मानेपाशी आणि हनुवटीखाली हवा घुसळते, आणि हेल्मेटमध्ये भरून राहतो तो हाच घुमणारा, खर्जातला आवाज. हेल्मेटचं अस्तर उंच पट्टीचे आवाज थोडेफार शोषतं, खर्जापुढे त्याचं काही चालत नाही.

मधल्या काळात लोकांनी मिळेल त्या साधनाने काम भागवलं. अमेरिकेत 1958 मध्ये 27 मेगाहर्ट्झवरचा सीबी रेडिओ सामान्य माणसांसाठी खुला झाला आणि 1977 मध्ये त्याचे चॅनेल 23 वरून 40 झाले. ट्रकवाल्यांचा हा रेडिओ लांब पल्ल्याच्या टूरिंग बाइकवरही चढला. 1980 च्या दशकात होंडाच्या गोल्ड विंगसोबत तो जोडून मिळत असे. ब्रिटनमध्ये ऑटोकॉम, अमेरिकेत जे अँड एम अशा कंपन्यांनी वायरवरचे इंटरकॉम बनवले. हेल्मेटमधून निघालेली गुंडाळीची वायर बाइकला जोडायची, रेडिओवर बोलायच्या वेळी हँडलवरचं बटण दाबायचं, ऐकायच्या वेळी सोडायचं. युरोपात पुढे परवाना न लागणारे पीएमआर446 वॉकीटॉकी आले, तेही असेच वायर आणि बटण लावून वापरले गेले.

बटण टाळण्यासाठी एक युक्ती होती: आवाज आला की माइक आपोआप चालू होणारं सर्किट, ज्याला व्हॉक्स म्हणतात. बंद खोलीत ते झकास चालतं, बाइकवर ते दोन्हीकडून फसतं. संवेदनशीलता वाढवली तर वाऱ्यानेच माइक उघडा राहतो. कमी केली तर सर्किट जागं होईपर्यंत पहिला शब्द गिळला जातो. “नको जाऊ पुढे” असं कळवळून सांगावं आणि पलीकडे “जाऊ पुढे” एवढंच पोचावं, ही साधी चूक नव्हे.

वाऱ्यावरचा उतारा विमानातल्या आणि रणगाड्यातल्या हेडसेटच्या परंपरेतून आला. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे गोंगाट कापणाऱ्या माइकच्या पडद्याच्या पुढे आणि मागे अशी दोन छिद्रं असतात. आजूबाजूचा कल्लोळ दोन्ही छिद्रांतून जवळपास सारखाच शिरतो आणि पडद्यावर त्याचा दाब बराचसा कटतो. ओठांपासून दोन बोटांवर असलेल्या पुढच्या छिद्रात मात्र बोलणं मागच्यापेक्षा जास्त जोराने शिरतं, आणि तो फरकच पुढे जातो. म्हणून बूम माइक, म्हणजे छोट्या दांडीवरचा माइक, ओठांसमोर, योग्य बाजू आत करून बसवणं इतकं महत्त्वाचं असतं. तो उलटा फिरला किंवा गालाकडे सरकला की महागातलं यंत्रही कुचकामी ठरतं, आणि दोष यंत्राला दिला जातो. त्यावरची फोमची टोपीही शोभेची नसते. हरवली तर नवी लावल्याशिवाय निघू नये.

स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत 1994 च्या सुमारास याप हार्टसन आणि स्वेन मॅटिसन यांनी ज्या कमी पल्ल्याच्या रेडिओवर काम सुरू केलं, तोच पुढे ब्लूटूथ झाला. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या, पुढच्या वर्षी पहिलं मानक जाहीर झालं. त्यांच्या डोळ्यांसमोर दुचाकी अजिबात नव्हती. फोन आणि हेडसेट यांच्यातली वायर काढायची होती. पण ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, आणि हा पट्टा जवळपास सगळ्या जगात परवान्याशिवाय वापरता येतो. सीबी किंवा पीएमआरसारखे देशागणिक वेगळे नियम त्याच्या वाट्याला आले नाहीत. एकच यंत्र बनवून ते सगळीकडे विकता येऊ लागलं. 79 चॅनेलवर सेकंदाला 1600 उड्या मारत जाण्याच्या पद्धतीमुळे गर्दीच्या पट्ट्यातही संभाषण टिकायचं. आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता-ऐकता येत होतं. बटण गेलं, हात हँडलवर राहिले. माझ्या लेखी ब्लूटूथची सर्वांत मोठी देणगी हीच.

इस्रायलच्या कार्डो कंपनीचा ‘स्काला रायडर’ 2004 मध्ये आला, तो मुख्यतः फोनसाठी. रायडर-ते-रायडर बोलणं त्यानंतरच्या मॉडेलांत आलं. दक्षिण कोरियाची ‘सेना’ (Sena) ही मुळात औद्योगिक नेटवर्किंगची उपकरणं बनवणारी कंपनी 2010 मध्ये एसएमएच10 घेऊन या बाजारात उतरली. या यंत्रांची घडण पाहा: युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला, कारण उजवा हात थ्रॉटलवरून उचलता येत नाही. बटणं किंवा फिरवायची चकती मोठी, जाड ग्लोव्हमधूनही न बघता सापडेल अशी.

ब्लूटूथची मर्यादा गटात दिसली. त्यात यंत्रं साखळीने जोडली जातात: पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी. मधला एक जण सिग्नलला अडकला की साखळी तुटते, आणि ती पुन्हा जुळवत बसावं लागतं. चौघांच्या पुढे हे प्रकरण हाताबाहेर जायचं. 2015 मध्ये कार्डोने ‘पॅकटॉक’ आणला, त्यात मेश होतं. मेशमध्ये प्रत्येक यंत्र स्वतःचं बोलतं आणि इतरांचं पुढेही पोचवतं. एक जण बाहेर गेला तर बोलणं दुसऱ्या वाटेने जातं. तो परत टप्प्यात आला की आपोआप जोडला जातो. पॅकटॉकमध्ये पंधरा जणांची सोय होती. सेनाने 2018 मध्ये 30के या मॉडेलमधून आपलं मेश आणलं.

खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत, माणसाचं शरीर त्या शोषतं, मधला ट्रक त्या अडवतो. वळणावळणाच्या रस्त्यावर दीड किलोमीटरचे काहीशे मीटरच उरतात.

आवाज नीट ऐकू यावा म्हणून स्पीकर मोठा केला जातो, हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. 85 डेसिबल आठ तास सुरक्षित मानले, तर प्रत्येक 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. वारा आधीच तिथे पोचलेला असतो, त्यावर आपण गाणी चढवतो. फोमचे इअरप्लग घालून त्यावरून स्पीकर ऐकणं हा खरा उपाय आहे, कारण प्लग वारा आणि बोलणं दोन्ही खाली आणतो आणि शब्द उलट जास्त स्पष्ट लागतात. जिथे कायदा दोन्ही कानांत प्लग घालू देतो तिथे ते घालावेतच.

कायद्यालाही या यंत्राची दखल घ्यावी लागली. फ्रान्सने 1 जुलै 2015 पासून वाहन चालवताना कानात इअरफोन घालण्यावर बंदी आणली, हेल्मेटमध्ये बसवलेल्या यंत्रणेला मात्र सूट दिली. हेल्मेटच्या युरोपीय मानकाची 22.06 ही नवी आवृत्ती इंटरकॉमसारखी उपकरणं बसवलेल्या हेल्मेटच्या चाचणीचाही विचार करते. कानापाशी स्पीकरसाठी खोबण ठेवूनच बनवलेली हेल्मेटही आता सर्रास मिळतात.

एक गोष्ट मात्र अजून सुटायची आहे. मेशसाठी ब्लूटूथसारखं सर्वांना समान मानक तयार झालं नाही. कार्डोचं मेश आणि सेनाचं मेश एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांना जोडायचं तर पुन्हा ब्लूटूथच्या साखळीवर उतरावं लागतं, आणि त्या जोडणीपुरता मेशचा फायदा जातो. हे तंत्राचं अपयश नाही, कंपन्यांनी घेतलेला निर्णय आहे, आणि त्याची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो. तोवर नवं यंत्र घेण्याआधी आपण ज्यांच्यासोबत फिरतो त्यांच्या हेल्मेटवर कोणतं आहे हे विचारून घ्यावं.