सुरीला पाणी कोणत्या नदीचे?

स्पॅनिश पात्यांचा विषय निघाला की टोलेडोचे नाव येतेच, आणि पाठोपाठ ताहो नदीची कथाही येते. टोलेडोच्या तलवारी आणि सुऱ्या अभंग का, तर म्हणे त्या नदीच्या पाण्यातच काही गूढ गुण आहे. ही कथा पर्यटकांना शोभते. परंतु स्पॅनिश सुऱ्या जमवून त्यांना हौसेने नवे रूप देणाऱ्या संग्राहकांनीही ती खरी मानावी, याचे आश्चर्य वाटते, कारण त्यांच्या छंदातील सर्वांत महागडी चूक नेमकी याच गैरसमजातून घडते.

आज न मिटणाऱ्या, म्हणजे एकसंध पात्याच्या स्पॅनिश सुऱ्यांचे मोठे केंद्र टोलेडो नसून अल्बासेते हे आहे. तेथील महापालिकेचे सुऱ्याचाकूंचे स्वतंत्र संग्रहालय 2004 पासून सुरू आहे. कुडेमान, जोकर, निएतो हे तिथले उत्पादक. शिकारीच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुएला शेजारच्या सिउदाद रेआल प्रांतातले. गंमत अशी, की यांपैकी अनेक पात्यांचे पोलाद मुळात स्पॅनिश नसतेच. संग्राहकांच्या आवडीचे ‘एन 690’ हे ऑस्ट्रियाच्या बोलर कंपनीचे, तर ‘14सी28एन’ स्वीडनचे. पोलाद एका देशाचे आणि मूठ दुसऱ्या देशाची ही रीत आपल्याला नवी नाही. मराठ्यांच्या कित्येक फिरंग तलवारींत युरोपीय पात्याला इथली मूठ बसवलेली दिसते.

मूठ बदलणे हाच या छंदाचा मुख्य आणि सुरक्षित भाग होय. पाते मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेले असेल आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतील, तर त्या काढून ऑलिव्हचे लाकूड, हरणाचे शिंग किंवा मायकार्टा, म्हणजे राळेत दाबलेले कापडाचे थर, बसवता येतात. अल्बासेते ज्या प्रदेशात आहे, त्या ला मांचाच्या कोरड्या हवेत घासून जुळवलेली लाकडी फळी कोकणच्या पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते आणि पोलादाच्या कडेबाहेर बोटाला जाणवते. मायकार्टाला ही खोड जवळजवळ नाही. मुठीच्या कामात काही बिघडले, तर नवी फळी कापता येते. पात्याचे तसे नाही, आणि ते का, हे समजण्यासाठी अणूंपर्यंत उतरावे लागते.

सामान्य तापमानाला लोखंडाचे अणू घनाकृती जाळीत बसलेले असतात आणि प्रत्येक घनाच्या मध्यभागी एक अणू असतो. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते, पण या रचनेत त्या कार्बनला जागा जवळपास नसते. शुद्ध लोखंड 912 अंश सेल्सियसच्या वर तापवले की जाळी बदलते, घनाच्या मधला अणू नाहीसा होऊन प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू येतात आणि या नव्या जाळीत सुमारे दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. असे तापलेले पोलाद सावकाश निवू दिले, तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयुग करतो. झटकन निवले, तर त्याला निघायला वेळच मिळत नाही; लोखंड आपल्या जुन्या रचनेकडे परतू पाहते आणि कार्बन आतच अडकतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसला की सगळ्यांनाच अंग चोरावे लागते, तशी ही जाळी एका दिशेने ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला, जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून, मार्टेन्साइट म्हणतात. धातू वाकतो, तेव्हा त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. ताणलेल्या जाळीत ते घसरू शकत नाहीत, म्हणून पाते कठीण होते आणि त्याच कारणाने ठिसूळही. हा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा साधारण 150 ते 200 अंशांपर्यंत तापवून ठेवतात.

यात नदीचे काम फक्त उष्णता खेचून घेण्याचे. पाण्यात मीठ असेल, तर लाल पात्याभोवती जमणारी वाफेची चादर लवकर फाटते आणि पाते अधिक वेगाने निवते, एवढा फरक खरा. पण तो कोणत्याही नदीच्या पाण्यात चिमूटभर पुण्याईशिवाय घडवता येतो. ‘एन 690’मध्ये तर सुमारे 17 टक्के क्रोमियम असल्याने कार्बनची सुटका मुळातच मंदावलेली असते. त्याला तेल किंवा झोताची हवा पुरते. पाण्यात बुडवले, तर उलट तडा जाण्याचीच भीती.

आता पात्याचा गुण उष्णतेच्या हिशेबात नसून नदीच्या पाण्यात आहे असे मानणारा हौशी माणूस ते पातळ करण्यासाठी बेधडक विजेच्या ग्राइंडरवर धरतो. मागचा जाड भाग हाताला जेमतेम कोमट लागतो, पण धारेची कड मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच जाड असल्याने तिथली उष्णता पसरायला धातूच नसतो. कड क्षणभर दोनशे अंशांच्या बरीच पुढे गेली, की अडकलेला कार्बन सुटू लागतो आणि धार मऊ पडते. तिथे निळसर जांभळी झाक उमटते. ती ऑक्साइडच्या अतिपातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाची. ही झाक पॉलिशने पुसता येते, मऊपणा मात्र तसाच राहतो. शिवाय क्रोमियमयुक्त पोलादावर ऑक्साइडचा थर सावकाश वाढत असल्याने रंग दिसला नाही म्हणजे पाते वाचले, असेही धरता येत नाही. म्हणून दर फेरीनंतर कड पाण्यात बुडवणे, किंवा सरळ निसण्यावर हाताने काम करणे बरे.

कारखान्यातली धारही अनेकदा फिरत्या पट्ट्यावरच लावलेली असते. त्यामुळे नवी सुरी लवकर बोथट होते आणि दगडावर तीनचारदा धार लावल्यावर ती जास्त टिकू लागते, असा अनुभव पुष्कळांना येतो. ‘पाते आता मुरले’ असे त्यावर सांगितले जाते. मुरलेले काही नसते. कडेवरचा भाजलेला पातळ थर झिजून खालचे शाबूत मार्टेन्साइट उघडे पडलेले असते.