स्थूलता आणि स्त्रियांचे यकृत

शरीरात, विशेषतः पोटाच्या आत, गरजेपेक्षा अधिक चरबी साठल्यामुळे स्त्रियांच्या यकृतात मेद साचणे, त्यातून यकृताला सूज येणे आणि काही जणींत ते पुढे निबर होत जाणे, या विकारक्रमाचा विचार प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर परिसराच्या संदर्भाने केला आहे. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसू लागले की त्यास मेदयकृत म्हणतात. बोलण्यात मात्र सर्वत्र ‘फॅटी लिव्हर’ हाच शब्द चालतो.

‘लिव्हर खराब’ म्हणजे दारू, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की, ज्या बाईने आयुष्यात थेंबही घेतलेला नाही, तिला सोनोग्राफीच्या अहवालातील ते दोन शब्द घरात सांगायचीही लाज वाटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दारूशी संबंध नसलेल्या २० रुग्णांच्या यकृतात मद्यपींच्या यकृतासारखीच सूज असल्याचे नोंदवले, तेव्हा त्या रुग्णांतील बहुतेक जण स्थूल होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे या आजाराच्या पहिल्या ठळक वर्णनातच स्त्री होती. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने विकाराच्या नावातून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा मद्याचा उल्लेख काढून चयापचयाशी निगडित असे नवे नाव स्वीकारले. जुन्या नावामुळे रुग्णांवर बसणारा ठपका, हे त्यामागील एक कारण होते.

यकृतातील मेद थेट ताटातील तेलातुपातून येतो, असा समज असतो. प्रत्यक्षात त्यातील साधारण ६० टक्के मेद हा शरीरात आधीच साठलेल्या चरबीतून सुटून रक्तावाटे आलेला असतो, सुमारे पाव हिस्सा यकृत स्वतः साखर-पिष्टापासून तयार करते, आणि आहारातील स्निग्धांशाचा थेट वाटा १५ टक्क्यांच्या आसपास असतो. पोटाच्या आतील, आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली मेदाम्ले यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी शिरेतून सरळ यकृतात पोचतात. म्हणूनच मांड्या-नितंबांवरील चरबीपेक्षा पोटाचा घेर यकृताला अधिक जाचक ठरतो.

पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे स्त्रीच्या शरीरात चरबी प्रामुख्याने त्वचेखाली, मांड्या व नितंबांवर साठते, आणि त्या वयात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत मेदयकृताचे प्रमाण कमी आढळते. रजोनिवृत्तीनंतर हे कवच गळून पडते. तोच आहार, तेच काम, पण चरबी पोटाकडे सरकते, आणि पन्नाशीनंतर यकृत निबर होण्याचा धोका स्त्रियांत पुरुषांइतका किंवा त्याहून अधिक होतो. ‘वय झालं, आता अंग सुटायचंच’ असे म्हणून सोडून दिली जाणारी हीच वर्षे खरी लक्ष देण्याची असतात. तरुण वयातही काही जणींना हे कवच पुरत नाही. पीसीओएस हा अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकार असलेल्या मुलींत इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला असतो व पुरुषी संप्रेरके वाढलेली असतात, त्यामुळे त्यांच्या यकृतात मेद लवकर साचतो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांनाही पुढील आयुष्यात हा धोका राहतो. स्तनांच्या कर्करोगानंतर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन हे औषधही यकृतात मेद वाढवू शकते. तेवढ्यावरून ते बंद करायचे नसते, यकृतावर लक्ष ठेवायचे असते.

कोल्हापूर हे तालमींचे गाव. धारोष्ण दुधाचे आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे येथील खाणे मेहनतीच्या अंगाला मानवते, आणि भरलेले अंग म्हणजे ‘खात्यापित्या घरची’ ही येथे अजूनही कौतुकाची खूण आहे. रश्श्याला बोल लावणे सोपे आहे, परंतु तो रोज शिजत नाही. चहा रोज होतो, आणि तोही अनेकदा. हा उसाचा मुलूख असून येथील गुळाला भौगोलिक मानांकन आहे. साखर असो वा गूळ, दोन्हींतील मुख्य घटक सुक्रोज, आणि सुक्रोजचा निम्मा भाग फ्रुक्टोज, ज्याचा निचरा मुख्यतः यकृतालाच करावा लागतो व जास्तीच्या फ्रुक्टोजचा तेथेच मेद बनतो. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे असा हिशेब धरला, तर चहातूनच सुमारे ३२ ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राखणे अधिक हिताचे. ‘साखर सोडली, गुळाचा चहा घेते’ हा बदल यकृताच्या दृष्टीने बदलच नव्हे. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस खाल्ला जाणारा साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्टच असतो, आणि तळलेल्या बटाट्याच्या जोडीने तो घेतला की उपवासाचा दिवस एरवीपेक्षा जड होतो. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू सव्वा महिन्यापुरते होते. पुष्कळ घरांत ते वर्षभर चालतात आणि बाळंतपणातील वजन पुढच्या बाळंतपणापर्यंत तसेच राहते.

मेदयकृत दुखत नाही. फार तर उजव्या बरगडीखाली जडपणा आणि सततचा थकवा, जो घरकामाच्या नावावर खपून जातो. बहुधा पित्ताशयातील खडे किंवा गर्भाशयाची तक्रार म्हणून केलेल्या सोनोग्राफीत ते अचानक सापडते. खडेही स्थूल स्त्रियांत अधिक होतात. रक्ततपासणीतील एसजीपीटीच्या (यकृताच्या पेशींना इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या विकराच्या) आकड्यानेही फसगत होते. अनेक अहवालांत स्त्री-पुरुष दोघांसाठी ४० च्या आसपासची एकच मर्यादा छापलेली असते. वास्तविक अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार निरोगी स्त्रीसाठी वरची मर्यादा १९ ते २५ आणि पुरुषासाठी २९ ते ३३ एवढीच आहे. छापील मर्यादेमुळे मात्र ३५ आकडा असलेल्या बाईला ‘सगळं नॉर्मल’ सांगितले जाते. शिवाय आकडा खरोखर नॉर्मल असूनही यकृत निबर झालेले असू शकते. त्यासाठी वय, एसजीओटी (असेच दुसरे विकर), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांवरून काढला जाणारा फिब-४ हा निर्देशांक उपयोगी पडतो. तो १.३ पेक्षा कमी असल्यास यकृत फारसे निबर झालेले नसण्याची शक्यता मोठी असते (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात). जास्त असल्यास फायब्रोस्कॅनने यकृताचा कडकपणा मोजतात.

भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया बीएमआय २५ वा अधिक असलेल्या आढळल्या. परंतु कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर असलेल्या स्त्रिया ५६.७ टक्के होत्या. वजनकाट्यावर बेताच्या दिसणाऱ्या कित्येक जणींचे पोट सुटलेले असते, असा याचा अर्थ.

उपचाराचा पाया वजन घटवणे हाच आहे. एकूण वजनाच्या ३ ते ५ टक्के घट झाली तरी यकृतातील मेद कमी होतो, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते, आणि १० टक्क्यांपुढे निबरपणाही मागे हटू शकतो. म्हणजे ७० किलोच्या स्त्रीला पहिल्या टप्प्यात दोन-साडेतीन किलो पुरतात. मात्र उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताचे खडे होऊ शकतात. रंकाळ्याकाठी आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालण्याने वजन फारसे न हलताही यकृतातील मेद घटतो; दिवसभराच्या घरकामात पाय दुखतात, पण दम लागेल अशी सलग चाल त्यात सहसा नसते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मेदयकृताचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींसाठी जो तपासणी तक्ता भरते, त्यात स्त्रीच्या कमरेसाठी ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक आणि त्यापुढे दोन गुण आहेत. हे माप निऱ्यांवरून घेतले तर फुगते, आणि परकराच्या नाडीच्या वळावर घेतले तर पोट तेथे आवळलेले असल्याने कमी भरते. नाडी सैल करून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, उघड्या त्वचेवर टेप धरावी लागते.