आयुष्याचं एक वर्ष म्हणजे किती डॉलर?

२०१५ या एका वर्षात आयर्लंडचा जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचा आकडा २०१६ साली जाहीर झाला. त्या वर्षात तिथल्या माणसाचा पगार, त्याचं घर, त्याच्या मुलांची शाळा यांत पाव हिश्शाने सुधारणा झाली होती का? मुळीच नाही. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखे आपले हक्क कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणले होते आणि त्यावरची कमाई आयर्लंडच्या खात्यात जमा झाली होती. हिशेब नियमाला धरूनच होता. पण लोकांची परिस्थिती समजून घ्यायला तो इतका कुचकामी ठरला, की असे परिणाम वगळून काढलेला राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा तिथलं सांख्यिकी कार्यालय पुढे प्रसिद्ध करू लागलं.

जीडीपीचं हे दुखणं जुनंच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालातच बजावलं होतं, की या आकड्यावरून देशातली माणसं किती सुखात आहेत हे ताडता येणार नाही. आकडा जगभर गेला, इशारा मागे राहिला.

१९९० साली पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक आणला. त्यांचे मित्र अमर्त्य सेन सुरुवातीला नाखूश होते. माणसाचं सगळं जगणं एका आकड्यात कोंबणं त्यांना पटत नव्हतं. हक यांचं म्हणणं असं, की जीडीपीला टक्कर द्यायची तर त्याच्याइतकाच ढोबळ, पण माणसाकडे डोळेझाक न करणारा एकच आकडा हवा. मला हक यांचं बरोबर वाटतं. तक्ते अभ्यासक वाचतात, क्रमांक सगळेच वाचतात. फक्त त्या एका आकड्यात काय काय गृहीत धरलंय, हे आकडेमोडीत उतरल्याशिवाय कळत नाही. म्हणून थोडं उतरूया.

निर्देशांकात तीन गोष्टी येतात: आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न. प्रत्येकीला ० ते १ यांच्या दरम्यान गुण मिळतात. आयुर्मान २० वर्षं असेल तर शून्य, ८५ असेल तर पूर्ण एक. म्हणजे वाढलेल्या प्रत्येक वर्षाला पासष्टांश गुण. उत्पन्नाची पट्टी १०० डॉलरपासून ७५,००० डॉलरपर्यंत आहे. हे डॉलर बाजारातल्या विनिमय दराने काढलेले नसतात, त्या त्या देशात तेवढ्या पैशात किती वस्तू येतात हे पाहून काढलेले असतात. शिवाय उत्पन्न जसंच्या तसं न घेता त्याचा लॉगॅरिदम घेतात, कारण गरिबाला हजार डॉलर जास्त मिळाले तर जो फरक पडतो तो श्रीमंताला पडत नाही. त्यामुळे १,००० डॉलरचे २,००० होवोत की २०,००० चे ४०,०००, दोन्ही वेळा वाढणारे गुण सारखेच: सुमारे ०.१०५.

आता हेच ०.१०५ गुण आयुर्मानातून मिळवायचे, तर किती वर्षं लागतील? ०.१०५ गुणिले ६५, म्हणजे जवळपास ७. ज्या देशाचे आयुर्मान आणि उत्पन्न या दोन्हींतले गुण सारखे आहेत, तिथे उत्पन्न दुप्पट होणं आणि लोकांचं आयुष्य सात वर्षांनी वाढणं या निर्देशांकाच्या लेखी समान आहे. अदलाबदलीचा हा भाव कुठल्या सभेत चर्चा करून ठरला नव्हता. तो सूत्रातून आपोआप निघाला.

२०१० साली सूत्र बदललं. आधी तिन्हींची साधी सरासरी काढत. आता तिन्हींचा गुणाकार करून त्याचं घनमूळ काढतात. हेतू चांगला होता: एका बाबतीतली हलाखी दुसऱ्या बाबतीतल्या भरभराटीने सहज झाकली जाऊ नये. पण गुणाकारात जो आकडा सगळ्यात लहान असतो, तो किंचित वाढला तरी उत्तर भराभर वर जातं. अतिगरीब देशात हा लहान आकडा बहुधा उत्पन्नाचा असतो. मग तिथे थोडे डॉलर वाढले तरी गुण चांगलेच वाढतात आणि त्या मानाने आयुष्याचं वर्ष स्वस्त पडतं. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हेलियन यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हा छुपा भाव काढून दाखवला. झिम्बाब्वेमध्ये आयुष्याच्या एका जादा वर्षाचं मोल वर्षाला एक डॉलरही भरत नव्हतं, सर्वांत श्रीमंत देशांत ते हजारो डॉलर होतं. गरीब देशातली आरोग्यव्यवस्था कोसळून आयुर्मान घसरलं, तरी उत्पन्न जरासं वाढलं की निर्देशांक वर जाऊ शकतो. माणसं लवकर मरताहेत आणि तक्त्यात देश पुढे सरकतोय, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

मग लोकांनाच का विचारू नये? जागतिक आनंद अहवालात तेच करतात. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी फिनलंड पहिला आला. इथे भाव ठरवायची भानगड नाही, पण पट्टी प्रत्येकाची वेगळी. २००४ साली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा लख्ख दाखला दिला. सरकारी कारभारात तुमचं कितपत चालतं, असं विचारल्यावर चीनमधल्या लोकांनी मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा वरचं उत्तर दिलं. नंतर दोन्हीकडे काही काल्पनिक माणसांची तीच वर्णनं ऐकवली. त्यांतल्या एकाला प्यायला स्वच्छ पाणी नाही, मतदानाचा हक्क नाही, सरकारला आपली पर्वा नाही असं त्याला वाटतं आणि तो मुकाट्याने सोसतो. याचं कितपत चालतं ते सांगा, असं विचारलं आणि त्या उत्तरांच्या मापाने लोकांची स्वतःबद्दलची उत्तरं पुन्हा जोखली. चित्र उलटलं, मेक्सिको वर गेला.

आनंदाच्या क्रमवारीत एक-दोन स्थानांचा फरक असेल तर मी त्याकडे लक्ष देत नाही. बालमृत्यू किंवा शिक्षणाची वर्षं मात्र सुटी सुटी पाहतो, कारण तिथे निदान काय मोजलंय ते ठाऊक असतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०११ साली आणलेल्या निर्देशांकात घर, रोजगार, आरोग्य, सुरक्षितता असे ११ विषय आहेत आणि कशाला किती महत्त्व द्यायचं ते वाचणाऱ्यावर सोडलंय. महत्त्व बदललं की देशांचा क्रमही बदलतो.