बेकेनबाउर, फ्रान्झ : राष्ट्रीय संघाचे प्रमुखपद (१९८४–९०)

फ्रान्झ बेकेनबाउर (११ सप्टेंबर १९४५ – ७ जानेवारी २०२४). पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे बचावपटू व कर्णधार, पुढे त्याच संघाचे प्रमुख. जन्म म्युनिक येथे. देशाकडून १०३ सामने. १९७२ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा व १९७४ चा विश्वचषक ही खेळाडू म्हणून मिळवलेली प्रमुख विजेतेपदे. प्रस्तुत नोंद त्यांच्या प्रमुखपदाच्या सहा वर्षांपुरती आहे. मात्र त्या काळातील संघरचना समजण्यासाठी ते ज्या जागेवर खेळत, त्या ‘लिबेरो’ या जागेचा विचार आधी करावा लागतो.

लिबेरो या इटालियन शब्दाचा अर्थ ‘मोकळा’. या पद्धतीत दोन बचावपटू प्रतिस्पर्ध्यांच्या दोन आघाडीपटूंना एकास एक असे जखडून ठेवतात. त्यांच्या काही पावले मागे तिसरा बचावपटू उभा असतो व त्याच्यावर कोणाही एका खेळाडूची जबाबदारी नसते. सुटलेला चेंडू उचलणे, चुकलेल्या साथीदाराची जागा भरणे आणि चेंडू मिळताच चढाईची सुरुवात करणे ही त्याची कामे. पद्धत फसण्याची ठिकाणेही ठरलेली आहेत. लिबेरो फार मागे राहिला, तर प्रतिस्पर्धी आघाडीपटूंना ऑफसाइड (चेंडू येण्याआधीच बचावफळीच्या पलीकडे जाण्याचा नियमभंग) न होता गोलजवळ थांबता येते व मध्यरक्षकांपर्यंत मोठी पोकळी पडते. तो पुढे गेला आणि कोणी मागे आले नाही, तर गोलसमोरची वाट उघडी राहते. बेकेनबाउर यांच्या बायर्न म्युनिक या क्लबमध्ये ही वाट गेओर्ग श्वार्त्सेनबेक राखत असे. प्रतिस्पर्ध्याने एकच आघाडीपटू ठेवला, तर दुसरा रक्षक रिकामा राहून मध्यफळीत माणूस कमी पडतो.

या जागेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत ऑस्ट्रियात जन्मलेले प्रशिक्षक कार्ल रापान यांच्याकडे श्रेय देते. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी ‘कुलूप’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी बचावरचना घडवली व १९३८ च्या विश्वचषकात स्विस संघाने फेरसामन्यात जर्मनीला ४–२ असे हरवले. दुसरे मत इटलीतील सालेर्निताना क्लबचे प्रशिक्षक जुझेप्पे व्हियानी यांना अग्रमान देते. मासेमारांचे दुहेरी जाळे पाहून त्यांना कल्पना सुचल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण तिला दंतकथेपलीकडे वजन देता येत नाही. त्रिएस्तीना क्लबचे नेरेओ रोक्को यांचेही नाव घेतले जाते. इटालियन प्रयोग साधारणतः १९४० च्या दशकातले असल्याने कालक्रमाने रापान यांचा दावा अधिक सबळ ठरतो. ‘लिबेरो’ ही संज्ञा मात्र इटलीतलीच. ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः पत्रकार जान्नी ब्रेरा यांना दिले जाते.

बेकेनबाउर यांनी ही जागा इटलीहून जशीच्या तशी उचलली, हे प्रचलित विधान अर्धवट आहे. पुढे धावण्याची प्रेरणा म्हणून ते इंटर मिलानच्या जाचिंतो फाक्केत्ती यांचे नाव घेत आणि फाक्केत्ती हे डाव्या बाजूचे बचावपटू होते, लिबेरो नव्हे. बायर्नमध्ये बेकेनबाउर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या जागेवर दिसतात. राष्ट्रीय संघात मात्र १९७० च्या विश्वचषकातही ते मध्यरक्षकच होते. तेथे ती जागा त्यांची झाली ती बहुधा १९७१ पासून.

नियुक्ती. १९८४ च्या युरोपीय स्पर्धेत स्पेनकडून अखेरच्या क्षणी ०–१ अशी हार होऊन पश्चिम जर्मनी गटातच बाद झाली व प्रशिक्षक युप डेरवाल पायउतार झाले. राष्ट्रीय प्रशिक्षकासाठी परवाना आवश्यक होता. तो बेकेनबाउर यांच्याकडे नव्हता. म्हणून जर्मन महासंघाने त्यांच्यासाठी ‘टीमशेफ’, म्हणजे संघप्रमुख, हे वेगळे पद वापरले आणि परवानाधारक प्रशिक्षक म्हणून होर्स्ट क्योपेल व १९८७ नंतर होल्गर ओसीक यांना सोबत दिले. सरावाची आखणी कितपत सहायकांची व कितपत प्रमुखाची, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. खेळाडूंची निवड व सामन्याची मांडणी यांत अंतिम शब्द बेकेनबाउर यांचा होता, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. १२ सप्टेंबर १९८४ रोजी ड्युसेलडोर्फ येथील पहिल्या सामन्यात अर्जेंटिनाने १–३ अशी मात दिली. ऑक्टोबर १९८५ मध्ये श्टुटगार्टला पोर्तुगालकडून झालेली ०–१ हार ही विश्वचषक पात्रता सामन्यांतील जर्मनीची पहिलीच हार होती.

मेक्सिको, १९८६. संघ सफाईदार नव्हता, कणखर होता. गटात डेन्मार्ककडून ०–२ अशी हार, मोरोक्कोविरुद्ध लोथार माथेउसच्या फ्री किकवर अगदी शेवटी १–०, यजमान मेक्सिकोविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर ४–१ आणि उपांत्य फेरीत फ्रान्सवर २–० असा प्रवास झाला. प्रमुखांविषयी अपशब्द वापरल्याने राखीव गोलरक्षक उली श्टाइन याला स्पर्धेतूनच घरी पाठवण्यात आले. लिबेरोची जागा क्लाउस आउगेनथालरकडून डिटमार याकोब्सकडे गेली.

अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दिएगो माराडोनाला जखडण्याचे काम माथेउसला दिले गेले. १९६६ च्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक हेल्मुट श्योन यांनी हेच केले होते: तरुण बेकेनबाउर यांना इंग्लंडच्या बॉबी चार्ल्टन यांच्यामागे लावले, दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केले आणि जर्मनी हरली. मेक्सिकोतही संघाचा सर्वांत जोरकस मध्यरक्षक चढाईपासून तुटला. ०–२ अशा पिछाडीनंतर आंद्रेआस ब्रेमेच्या दोन कॉर्नरवर रुमेनिगे व फोलर यांनी बरोबरी साधली. तेथे बचाव सावरून जादा वेळेची वाट पाहणे शक्य होते. त्याऐवजी फळी वर सरकलेली राहिली आणि माराडोनाच्या एका पासवर बुरुचागाने तिसरा गोल केला. स्वतः ही चूक भोगलेल्या माणसाने तिची पुनरावृत्ती करावी, ही या कारकिर्दीतली सर्वांत गंभीर त्रुटी होय.

१९८८ च्या युरोपीय स्पर्धेत यजमान पश्चिम जर्मनीचा लिबेरो मथियास हेर्गेट होता. हॅम्बुर्गमधील उपांत्य सामन्यात माथेउसने पेनल्टीवर आघाडी दिली. पण कूमनची पेनल्टी व ८८ व्या मिनिटाला कोलरच्या आधी चेंडूपर्यंत पोचलेला व्हान बास्टेन यांमुळे नेदरलँड्सने २–१ असा विजय मिळवला.

इटली, १९९०. पात्रताही सहज मिळाली नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये कोलोनला वेल्सवर २–१ असा विजय मिळवून नेदरलँड्समागे दुसरे स्थान पक्के करावे लागले. स्पर्धेत मात्र मांडणी स्थिरावली. आउगेनथालर लिबेरो, कोलर व बुखवाल्ड रक्षक, दोन्ही कडांना बेर्टहोल्ड किंवा रॉयटर आणि ब्रेमे, पुढे क्लिन्समन व फोलर. कडांचे खेळाडू पुढे असले की रचना ३–५–२ (अनुक्रमे बचाव, मध्यफळी व आघाडीतील खेळाडू), मागे रेटले गेले की ५–३–२. माथेउस कोणाच्याही मागे लावलेला नव्हता आणि युगोस्लाव्हियावरील ४–१ अशा विजयात त्याने दोन गोल केले. माथेउस, ब्रेमे व क्लिन्समन इंटरकडून मिलानच्या ज्या मैदानावर खेळत, तेथेच पहिले पाच सामने झाले, ही अनुकूलताही लहान नव्हती.

नेदरलँड्सविरुद्ध २२ व्या मिनिटाला फोलर व रायकार्ड दोघांना लाल कार्ड मिळाले. मोकळ्या झालेल्या जागेत क्लिन्समन एकटा धावत राहिला आणि त्याच्या गोलसाठी डावीकडून चेंडू दिला तो रक्षक बुखवाल्डने, सामना २–१. चेकोस्लोव्हाकियावर १–०, तुरीनला इंग्लंडशी १–१ नंतर पेनल्टींवर ४–३. ८ जुलै रोजी रोम येथील अंतिम सामन्यात माराडोनामागे या वेळी बुखवाल्ड होता. चार खेळाडू निलंबनामुळे बाहेर असलेली अर्जेंटिना चढाई करू शकली नाही; खेळ रटाळ झाला, तरी निर्णय अचूक होता. मध्यंतरात बूट बदलावे लागल्याने माथेउसने पेनल्टी घेतली नाही. ८५ व्या मिनिटाला ब्रेमेने ती मारली व सामना १–० असा जिंकला.

खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे बेकेनबाउर हे ब्राझीलच्या मारियो झागालो यांच्यानंतर दुसरे. कर्णधार व प्रशिक्षक म्हणून पहिले. २०१८ मध्ये फ्रान्सचे दिदिए देशाँ यांनी दोन्हींची बरोबरी केली.

विजयानंतर ते पदावरून दूर झाले. पूर्व जर्मनीचे खेळाडू मिळाल्यावर हा संघ अनेक वर्षे अजिंक्य राहील, असे त्यांनी म्हटले होते. उत्तराधिकारी बेर्टी फोग्ट्स यांना ते विधान जड गेले व १९९२ च्या युरोपीय अंतिम सामन्यात डेन्मार्कने जर्मनीला २–० असे हरवले. ‘टीमशेफ’ हे पद २००० मध्ये, परवाना नसलेल्या रुडी फोलर यांच्यासाठी पुन्हा वापरण्यात आले.